आप्पांना बूथवर न्यायचं की नाही?

विधानसभेचं मतदान (२० नोव्हेंबर २०२४, बुधवार) तोंडावर आलंय आणि लालबागहून एका सुनेचं पत्र आलंय, थोडं छाटून देतेय.

"ताई, माझे सासरे, आप्पा, वय ७९, गिरणी कामगार होते. भाऊबीज झाली आणि दोन दिवसांनी चाळीच्या जिन्यात पडले, खुब्याचं हाड मोडलं. परळला ऑपरेशन झालं, आता वॉर्डात आहेत, डिस्चार्ज बुधवारच्या आत काही मिळत नाही. बुधवारी मतदान. आप्पांनी आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही, आणि मला नेलं नाही तर जेवणार नाही म्हणतायत. मिस्टर म्हणतात नेऊया, दोन तासांचं काम. नणंद म्हणते वेड लागलंय का, त्यांना सांगून टाका मतदान पुढे गेलं म्हणून. न्यू जर्सीचा भाचा म्हणतो आमच्याकडे हॉस्पिटलमध्ये बेडवर मतपत्रिका मिळते, तुम्ही मागणी का करत नाही. चाळीतला एक कार्यकर्ता म्हणतो काळजी नको वहिनी, अॅम्ब्युलन्स आमची, फुकट. दिवसा सासूबाई आणि ब्युरोकडून पेशंटजवळ बसायला लावलेली मावशी बसतात, रात्री मिस्टर. घरात रोज वाद. मी काय करू?"

अगं, ऑपरेशन पार पडलं हे आधी चांगलं झालं. आता सरळ मुद्द्यावर येते कारण हातात दिवस कमी आहेत.

वॉर्डात मतदानाचं मशीन येत नाही. आपल्याकडे पेशंट अॅडमिट आहे म्हणून बेडवर मत घ्यायची सोय कायद्यात नाहीये. घरून मतदान सुरू झालंय ते दोघांसाठी, ८५ च्या वरचे मतदार आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं सर्टिफिकेट असलेले. आधी ८० होतं, २०२४ च्या मार्चमध्ये ते ८५ केलं. आप्पा दोन्हीत बसत नाहीत, मोडलेला खुबा कितीही दुखला तरी ते सर्टिफिकेटवालं अपंगत्व नव्हे. आणि बसले असते तरी उपयोग नव्हता, कारण त्याचा फॉर्म, १२ डी, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. अधिसूचना निघाली २२ ऑक्टोबरला, म्हणजे ती मुदत दिवाळीच्या आधीच संपली, आणि आप्पा पडले दिवाळीनंतर. पडायच्या आधी फॉर्म भरायला हवा होता असा हा प्रकार, आणि मला विचारशील तर ही पळवाट नाही, भोक आहे, कारण माणूस अचानक अॅडमिट होतो, पंधरा-वीस दिवस आधी नोटीस देऊन कोणी जिन्यात पडत नाही.

भाचा खोटं बोलत नाहीये. अमेरिकेत राज्याराज्याचे नियम वेगळे, पण बऱ्याच ठिकाणी ऐनवेळी अॅडमिट झालेल्या पेशंटला इमर्जन्सी मतपत्रिका मागता येते, घरचं माणूस फॉर्म घेऊन ऑफिसला जातं आणि मतपत्रिका घेऊन येतं. ब्रिटनमध्ये तर मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत, आजारपणामुळे जाता येत नाही म्हणून दुसऱ्याला आपल्या वतीने मत द्यायला नेमता येतं. ऑस्ट्रेलियात काही हॉस्पिटलांत फिरतं पथक येतं. सगळं खरं, पण ते तिकडचं. त्याला प्रेमाने सांग की बाबा, मागणी करायलाच हवी, निवडणूक संपल्यावर लेखी करू, पण या बुधवारी त्याचा फायदा नाही, तेव्हा व्हिडिओ कॉलवर आप्पांना भडकवू नकोस.

कार्यकर्त्याच्या अॅम्ब्युलन्सला तर हात जोडून नाही म्हण. उमेदवाराने किंवा त्याच्या माणसांनी मतदाराला बूथवर फुकट नेणं-आणणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचरणात मोडतं, कलम १२३. तो म्हणेल सगळे करतात वहिनी. करत असतील. पण खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस त्यांच्या घाईत, त्यांच्या गाडीत, त्यांच्या पोरांच्या हातून चढ-उतर होणार, आणि कुठे आपटलं तर संध्याकाळी त्या पोरांचा फोन बंद. न्यायचंच असेल तर स्वतःच्या पैशाने गाडी करा, घरच्या माणसांनी उचला.

आता खरा प्रश्न, न्यायचं का. हा प्रश्न तुम्ही घरात सोडवताय हेच चुकतंय. मिस्टर हो म्हणतात, नणंद नाही म्हणते, दोघंही डॉक्टर नाहीत आणि मी पण नाही. हे ठरवायचं ऑर्थोच्या माणसाने, आणि त्याला विचारायचं सोमवारच्या राऊंडला, फार तर मंगळवारच्या. बुधवारी सकाळी नको, कारण त्या दिवशी वॉर्डात अर्धा स्टाफ, कोणाला वेळ नाही, आणि घाईत विचारलं की घाईतच नाही येतं. हाऊसमनला धरून "डॉक्टर नेऊ का हो" असं नको विचारू, तो बिचारा सीनियरला विचारून सांगतो म्हणेल आणि गायब होईल. रजिस्ट्रार किंवा युनिटचे सर राऊंडला आले की नीट विचार, की हे तासभर बसू शकतील का, ऑपरेशनच्या पायावर वजन टाकायला परवानगी आहे का, व्हीलचेअरवरून गाडीच्या सीटवर कसं घ्यायचं, रक्त पातळ करायचं इंजेक्शन किती वाजता असतं, युरिनची पिशवी असेल तर काढणार की तशीच न्यायची. आणि फिजिओवाल्या मुलीला वेगळं विचार, कारण सीटची गोष्ट तीच नीट सांगेल. खुब्यात बॉल बदललेला असेल तर खाली सीटवर गुडघे वर येतील असं बसायचं नसतं, टॅक्सीची मागची सीट नेमकी तशीच असते. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून खाली जाड उशी, असं काहीतरी ती दाखवेल. हे तिच्याकडून एकदा करून घ्या, मिस्टरांना समोर उभं करून.

डॉक्टर हो म्हणाले तर लेखी घ्या. कुठे त्याला पास म्हणतात, कुठे केसपेपरवरच लिहून सही करतात, तुमच्या वॉर्डात काय पद्धत आहे ते इन्चार्ज सिस्टरला विचारा. हे कागदाचं एवढं का सांगतेय, तर न सांगता पेशंट बेडवर दिसला नाही की सिस्टरला रजिस्टरमध्ये अॅब्स्कॉण्डेड लिहावं लागतं, म्हणजे आप्पा चक्क फरार, आणि परत आल्यावर बेड तिथेच असेल याची गॅरंटी नाही. आणि डॉक्टर नाही म्हणाले म्हणून चिडून डामा घेऊ नका. आपल्या जबाबदारीवर नेतो म्हणून सही ठोकायची, मतदान करायचं आणि संध्याकाळी परत अॅडमिट करा म्हणून दारात उभं राहायचं, हे सरकारी वॉर्डात तर होतच नाही. ज्यांचं प्रायव्हेटला कॅशलेस चालू आहे त्यांनी टीपीएच्या, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या कंपनीच्या, डेस्कला आधी विचारल्याशिवाय पेशंट बाहेर काढायचा विचारही करू नये.

समजा परवानगी मिळाली. मग पहिलं काम, बूथ कुठला ते बघा. यावेळी मुंबईत बऱ्याच जणांची केंद्रं बदललीयत, लोकसभेला ज्या शाळेत गेला होतात तिथेच नाव असेल असं समजून निघू नका. व्होटर हेल्पलाइन अॅपवर किंवा १९५० ला फोन करून यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कागदावर लिहून घ्या, कारण बूथच्या आत मोबाईल चालणार नाही, मे महिन्यात किती लोक या मोबाईलवरून गेटवर अडकले ते आठवतंय ना. म्हणजेच मोबाईलमधलं आधारही चालणार नाही. ओरिजिनल कार्ड हवं. तुमच्या घरी आता ओरिजिनल कुठे आहे ते आज बघ, कारण हॉस्पिटलच्या गडबडीत आधार फाईलला लागलेलं असतं, किंवा झेरॉक्सवाल्याकडे राहिलेलं असतं, किंवा सासूबाईंच्या पिशवीत एक्सरेच्या पाकिटात. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, पेन्शनचे फोटोवाले कागद, यातलं काहीही चालतं. नुसती मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही.

मिस्टरांना किंवा कोणालाही मंगळवारी बूथवर चक्कर मारायला लाव. रॅम्प आहे का, गेटपासून खोली किती लांब, व्हीलचेअर ठेवणार का. सक्षम नावाचं निवडणूक आयोगाचं अॅप आहे, त्यात व्हीलचेअर मागता येते, मागून ठेवा, पण नुसत्या अॅपच्या भरवशावर निघू नका. बीएलओचा, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचा, नंबर चाळीत कोणाकडे तरी असतोच, त्याला एक फोन. वयस्कर आणि आजारी माणसाला रांगेत उभं करत नाहीत, पुढे घेतात, पण ते तोंडाने सांगावं लागतं, लाजून मागे थांबू नका.

वेळ म्हणशील तर मतदान सकाळी सात ते संध्याकाळी सहा. सकाळचा राऊंड, ड्रेसिंग, औषधं झाली की निघा, अकराच्या आसपास. सहा वाजेपर्यंत रांगेत लागलं तरी मत देता येतं हे खरं, पण पेशंटला घेऊन तो जुगार नको.

आत गेल्यावर बटण आप्पाच दाबणार, त्यांचे हात आणि डोळे ठीक आहेत ना. हे मुद्दाम सांगतेय कारण घरच्यांना फार हौस असते, "मी दाबते हो, तुम्ही बसा". डोळ्यांनी दिसत नसेल किंवा अशक्तपणामुळे बटण दाबताच येत नसेल तरच सोबतीला माणूस नेता येतं, तो अठराच्या वरचा हवा, एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येतं आणि मत कोणाला दिलं ते गुप्त ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. आप्पांना तो नियम लागत नाही. खुर्ची ढकलत आतपर्यंत नेऊ द्यायचं का ते केंद्राध्यक्षाला विचारायचं आणि तो म्हणेल तसं.

एक बारीक गोष्ट. शाई डाव्या हाताच्या तर्जनीला लागते, नखावरूनच. परत वॉर्डात आलात की ऑक्सिमीटरची क्लिप त्याच बोटाला लावू देऊ नका, गडद नखावर रीडिंग गडबडू शकतं आणि मग रात्रीच्या सिस्टरची उगाच धावपळ. दुसऱ्या हाताला लावा म्हणून सांगा.

आणि डॉक्टर नाही म्हणाले तर?

तर नाही. नणंद म्हणते तसं खोटं मात्र बोलू नका. मतदान पुढे गेलं म्हणे! अगं बुधवारी वॉर्डात झाडू मारायला येणाऱ्या मामांपासून सिस्टरपर्यंत प्रत्येकाच्या बोटाला शाई असणार, शेजारच्या बेडचे नातेवाईक मोबाईलवर टक्केवारी लावून बसणार, आणि आप्पांना काय डोळे नाहीत? ८२ चा संप ज्याने काढला त्या माणसाला तुम्ही बुधवारची तारीख विसरायला लावणार? आज तारखेचं खोटं पकडलं की उद्या डॉक्टर काय म्हणाले हेही तुमच्या तोंडून त्यांना खरं वाटणार नाही, आणि पुढचे दोन महिने त्यांना तुमच्यावर विश्वास ठेवून वॉकर धरायचाय.

नाही हे डॉक्टरांच्या तोंडून येऊ दे. राऊंडला सरांनाच म्हणा, सर हे मतदानाला जायचं म्हणतायत, जरा तुम्हीच सांगा यांना. मुलगा नाही म्हणाला की हट्ट वाढतो, सर नाही म्हणाले की निदान बोलणं संपतं. न जेवण्याचं म्हणशील तर त्याला घाबरू नका आणि त्याची चेष्टाही करू नका, पण एखादं जेवण खरंच टाळलं तर सिस्टरला सांगा, विशेषतः शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर लगेच.

आता तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं सांगते. तू आप्पांच्या एका मतावर दोन पानं लिहिलीस आणि बाकीच्यांचं काय ते एका शब्दाने नाही. दिवसभर सासूबाई बसणार, रात्री मिस्टर, तू डबे घेऊन ये-जा करणार, आणि मावशी. बुधवारी संध्याकाळी असं होणार की आप्पांचं मत तर गेलंच, शिवाय सासूबाई "यांना सोडून कुठे जाऊ" म्हणून गेल्या नाहीत, मिस्टर रात्रभर जागून सकाळी जे झोपले ते चार वाजता उठले, आणि मावशीला तर कोणी विचारलंच नाही. एकाच्या हट्टापायी चौघांची मतं गेली. हॉस्पिटलमध्ये हेच चालतं दर वेळी, पेशंटची मतं जातात ती दिसतात, पेशंटजवळ बसलेल्यांची जातात ती कोणी मोजत नाही. आणि ती वाचवायला डॉक्टरची परवानगी लागत नाही.

मावशीचंच बघ. ब्युरोची दिवसाची ड्युटी आठ ते आठ. मतदान सात ते सहा. ती लांब कुठे विरार-दिव्याला राहत असेल तर सकाळी सहाला घर सोडते आणि रात्री दहाला पोचते, म्हणजे तिचं मतदान सुरू व्हायच्या आत ती लोकलमध्ये आणि संपल्यावर लोकलमध्ये. बुधवारी सगळ्या महाराष्ट्रात एकाच दिवशी मतदान आहे, तेव्हा तिचंही त्याच दिवशी. मतदानाच्या दिवसाची भरपगारी सुट्टी फक्त ऑफिसवाल्यांना नाही, रोजंदारीवाल्यांनाही आहे, तसं कायद्यातच लिहिलंय. तिला आजच सांग की बुधवारी मत देऊन मग या, बारा वाजले तरी चालेल, आणि त्या दिवसाचे पूर्ण पैसे मिळतील. ब्युरोवाला कुरकुरला तर तू बोल त्याच्याशी, तिला बोलायला लावू नकोस.

मग सकाळ कशी काढायची? मिस्टर रात्रीचे आहेतच, त्यांनी बुधवारी नऊपर्यंत थांबावं. तू आणि सासूबाई सातलाच बूथवर, दरवाजा उघडतो तेव्हा. तिथून तू थेट हॉस्पिटलला, मिस्टर सुटले की आधी बूथ आणि मग झोप, हा क्रम उलटा करू देऊ नकोस. नणंद एवढी काळजी करते तर आपलं मत देऊन दुपारी दोन तास तिने बसावं. सासूबाई नाही म्हणतील, नवऱ्याला नेत नाही आणि मी कशी जाऊ, हे त्या म्हणणारच, पण आप्पांनीच त्यांना जा म्हटलं तर जातील. ते आप्पांकडून वदवून घेणं तुझं काम, आणि मला वाटतं ज्याने एकही मतदान चुकवलं नाही तो बायकोचंही चुकू देणार नाही.

याच विषयावर आणखी दोघातिघांनी विचारलंय ते इथेच उरकते. टाटा कॅन्सर हॉस्पिटलला ट्रीटमेंटसाठी गावाहून येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलेल्यांना मुंबईत मत देता येणार नाही, नाव जिथल्या यादीत तिथेच मत, उपचारासाठी चार महिने इकडे राहिलात म्हणून पत्ता बदलत नाही. केमोच्या दोन सायकलच्या मधे घरी जायची तारीख असेल तर ती मतदानाला जुळते का हे डॉक्टरांना विचारता येतं, बरेच जण विचारतच नाहीत. दुसरं, मानसोपचार चालू आहेत किंवा विसरभोळेपणाचं निदान झालंय म्हणून कोणाचा मताचा हक्क जात नाही, तो कोर्टाने मनोविकल ठरवल्याशिवाय जात नाही, तेव्हा "तिला काय कळतंय" म्हणून आजीचं कार्ड लपवून ठेवणाऱ्या नातवाने ते परत द्यावं. तिसरं, ज्यांच्या घरी ८५ च्या वरच्या माणसाने १२ डी भरला होता आणि आता ते अॅडमिट आहेत, त्यांनी लक्षात घ्या, घरून मतदान मंजूर झालं की यादीत नावापुढे पीबी, म्हणजे पोस्टल बॅलट, लागतं आणि मग बूथवर मत देता येत नाही, पथक दोनदा घरी येतं आणि दोन्ही वेळा माणूस नसला की संपलं. १२ डी हा लोकसभा-विधानसभेचा फॉर्म आहे, महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे हे गृहीत धरून बसू नका.

आप्पांसाठी पुढचं एक. २०२९ ला ते ८४ चे होतील, म्हणजे नियम हाच राहिला तर तेव्हाही एका वर्षाने हुकणार! पण ऑपरेशननंतर चालण्यात कायमचा दोष राहिलाच, तर सगळं भरून आल्यावर ऑर्थोच्या ओपीडीत अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचं विचारून ठेव. ४० टक्के निघाले तर यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या, मग पुढच्या वेळी अधिसूचना निघाली की पहिल्याच दिवशी बीएलओकडून १२ डी.

सोमवारी राऊंड किती वाजता असतो ते आज रात्रीच सिस्टरला विचारून ठेव, तुमच्याकडचे सर लवकर येत असतील तर तू डबा घेऊन पोचेपर्यंत ते पुढच्या वॉर्डात गेलेले असतील.